सर्वांत मोठा कोळी आणि कणादांचे माप

ऑक्टोबर 2023मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या निघाल्या आणि पांढुर्णा जिल्हा झाला. तोवर छिंदवाडा हा मध्य प्रदेशातला सर्वांत मोठा जिल्हा होता, 11,815 चौरस किलोमीटरचा. पण 2011च्या जनगणनेत लोकसंख्येचा पहिला नंबर इंदूरने घेतला होता. म्हणजे 'सर्वांत मोठा' असे दोन जिल्हे, आणि दोघांचाही दावा खरा. 'क्षेत्रफळाने' किंवा 'लोकसंख्येने' हा शब्द गाळला की वाद सुरू होतो.

जगातला सर्वांत मोठा कोळी कोणता, या प्रश्नावरही तोच वाद रंगतो.

पहिला दावेदार दक्षिण अमेरिकेतला गोलायथ हा टॅरंटुला, म्हणजे जाडजूड केसाळ कोळी, शास्त्रीय नाव थेराफोसा ब्लाँडी. प्राणिशास्त्रज्ञ लाट्रेयने 1804मध्ये त्याचे वर्णन केले. 1965च्या एप्रिलमध्ये व्हेनेझुएलात पकडलेल्या एका नराच्या पायांचा पल्ला 28 सेंटिमीटर भरला. पुढे 1998मध्ये, पाळलेल्या एका गोलायथचा पल्ला तेवढाच भरला आणि वजन 170 ग्रॅम. वजनाच्या शर्यतीत याच्यापुढे कोणी नाही. पल्ल्याचा प्रश्न आला की लाओसमधला हेटेरोपोडा मॅक्झिमा पुढे सरसावतो. 2001मध्ये वर्णन झालेला हा कोळी टॅरंटुला नव्हे, पण त्याचे पाय 30 सेंटिमीटरपर्यंत पसरतात. धड मात्र जेमतेम साडेचार सेंटिमीटरचे. टॅरंटुलांच्या घरातही एकमत नाही. ब्राझीलचा लासिओडोरा पाराहायबाना पल्ल्यात गोलायथच्या जवळ जातो, वजनात मागे पडतो. गोलायथचाच भाऊबंद थेराफोसा अपोफिसिस लांब पायांसाठी नावाजलेला, पण अंगाने सडपातळ.

हे कोडे आपल्याकडे फार पूर्वी सुटलेले आहे, आणि तेही कोळ्यांचा विषय न काढता. कणादांच्या वैशेषिक दर्शनात परिमाण हा द्रव्याचा खराखुरा गुण मानला आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा खेळ नव्हे. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी त्याचे चार प्रकार सांगितले: अणू, महत्, दीर्घ आणि ह्रस्व. मोठे असणे आणि लांब असणे हे दोन वेगळे गुण झाले. गोलायथ महत्, लाओसचा कोळी दीर्घ. दोघांना एकाच रांगेत उभे करण्याचा हट्ट आपला.

प्रशस्तपाद आणखी एक पाऊल पुढे जातात. बोर, आवळा आणि बेलफळ शेजारी ठेवले की बोर 'लहान' म्हटले जाते. पण खरा अणुपणा परमाणू, मन आणि द्व्यणुक (दोन परमाणूंची जोडी) यांच्यापाशीच थांबतो. डोळ्यांना दिसणारे बोर महत्‌च आहे. त्याला लहान म्हणणे हा गौण, सोयीचा व्यवहार. गुण वस्तूत असतो, क्रमांक तुलनेतून येतो. पश्चिम घाटात झाडांच्या ढोलीत राहणारा पोसिलोथेरिया रेगालिस गोलायथशेजारी किरकोळ वाटेल. पण घराच्या भिंतीवर आला तर घरातले कोणीही त्याला किरकोळ म्हणणार नाही.

तरीही 'गुण वस्तूत असतो' हे म्हणणे कोळ्याच्या बाबतीत नेटाने तपासावे लागते. त्याचे पोट उपाशी असताना आक्रसते, खाल्ल्यावर फुगते. म्हणून अभ्यासक पुढच्या भागावरचे कठीण कवच मोजतात. दोन कातींच्या दरम्यान ते वाढत नाही. पाय पसरतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. कोळी मेला की दाब जातो आणि पाय पोटाशी मुडपतात. तेव्हा पल्ला नावाचे माप बहुतांशी जिवंतपणाचे आहे. टाकलेली कात तर ताणली जाऊन मूळ धन्यापेक्षाही मोठी दिसते. वैशेषिकांनी मोठेपणाची कारणे तीन दिली: अवयवांची संख्या, त्यांचे परिमाण आणि प्रचय, म्हणजे त्यांची सैल जुळणी. प्रचयाचा दाखला त्यांनी कापसाच्या गोळ्याचा दिला. कापूस पिंजला की भर न घालताही तो वाढतो. सौंसर-पांढुर्ण्याच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हा सिद्धांत समजावून सांगावा लागणार नाही. पाय पसरून बसलेला लवदार टॅरंटुला हा बऱ्याच अंशी प्रचयाचाच प्रताप.

सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली हनुमानाची निजलेली मूर्ती आहे. उभ्या मूर्तीची उंची विचारतात, आडव्या मूर्तीची लांबी. मूर्ती तीच, प्रश्न बदलतो. वाल्मीकी रामायणातल्या हनुमानाने तर मापालाच हुलकावणी दिली. समुद्रात वाट अडवणाऱ्या सुरसेसमोर तो वाढत गेला, मग अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडातून बाहेर आला. लंकेत शिरताना मांजराएवढा झाला. सिद्धींच्या पुढच्या काळातल्या यादीत आकाराचा महिमा आणि वजनाची गरिमा यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. भाविकाला यातून हनुमान कमी-जास्त झाला असे वाटत नाही. जैन विचार हीच गोष्ट सगळ्या जीवांना लावतो. जीव ज्या देहात जाईल त्या देहाएवढा पसरतो किंवा आक्रसतो. हत्तीतला जीव मुंगीतल्या जिवाहून थोर नसतो.

मग मोठा कोळी बातमी का होतो? श्रीलंकेतल्या पोसिलोथेरिया राजेई या टॅरंटुलाचे वर्णन 2012मध्ये प्रसिद्ध झाले. पल्ला सुमारे 20 सेंटिमीटर. पुढे जगभरच्या बातम्यांनी त्याला माणसाच्या चेहऱ्याएवढा ठरवले. सेंटिमीटरने जे माप शांतपणे सांगितले होते, ते चेहऱ्याने सांगताच अंगावर काटा आला. इथे भीती मोजली गेली, आणि भीती हा कोळ्याचा गुण नव्हे. वैशेषिकांची गुणांची यादी लावली तर भीती पाहणाऱ्याच्या आत्म्याच्या खात्यात जाईल. सुख, दुःख आणि द्वेष त्यांनी तिथेच टाकले आहेत.

या भीतीला आणि तिच्या पाठीवर बसलेल्या हौसेला बाजारभाव आहे. आंध्रातल्या गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या निळ्या पोसिलोथेरिया मेटॅलिकाचे वर्णन प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने 1899मध्ये केले. त्यानंतर शतकभर तो कोणाला दिसला नाही. 2001मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात पुन्हा सापडला. परदेशी हौशी लोकांत त्याला मागणी आहे ती रंगामुळे. पल्ल्यात किंवा वजनात तो गोलायथच्या आसपासही नाही. 2008मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटना आययूसीएनने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले, आणि तिथे त्याच्या अंगाचे कोणतेच माप विचारात आले नाही. मोजले गेले ते त्याचे जंगल. ते तेव्हा 100 चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरले, आणि सरपणासाठी व इमारती लाकडासाठी तुटत होते.