प्रकाशाचे विघ्न

नॉर्वेतील ट्रॉम्से हे नगर उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच पलीकडे वसलेले आहे. तेथील हौशी आकाशछायाचित्रकाराच्या वाट्याला काळोख्या रात्री बेतानेच येतात. मेच्या उत्तरार्धापासून जुलै सरत येईपर्यंत सूर्य मावळतच नाही. एरवी ढग आणि चांदणे यांतून वाचलेली एखादी रात्र हाती लागावी, दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर स्थिरावावी, आणि नेमका तेव्हाच आकाशात हिरवा पडदा हेलकावू लागावा! ज्या ध्रुवीय प्रकाशासाठी माणसे दूरदेशांहून येतात, तो त्याच्या लेखी केवळ व्यत्यय ठरतो. शहरी दिव्यांची झळाळी निदान स्थिर तरी असते. क्षणोक्षणी पालटणारा हा उजेड चित्रातून पुसणेही कठीण.

ही तक्रार वरकरणी कृतघ्नपणाची वाटेल. परंतु देवयानीचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे वाटचाल करून आलेला असतो आणि तो तासन्‌तास कणाकणाने साठवावा लागतो. ज्याने त्याची वाट पाहण्याचे पत्करले, त्याने सहज समोर आलेले सौंदर्य नाकारले, तर त्याला अरसिक म्हणावे काय? पुंडलिकाने तर दारी आलेल्या देवाला तिष्ठत ठेवले. आणि आपली परंपरा त्याला दोष देत नाही. मात्र त्याच्या हातून मातापित्यांची सेवा घडत होती. दूरच्या दीर्घिकेचे असे कोणते ऋण माणसावर असते?

येथे पदार्थविज्ञान प्रश्न अधिकच अवघड करते. ध्रुवीय प्रकाशाची हिरवी छटा शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनच्या अणूंची असते. तिची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर. अनेक तेजोमेघांची हिरवट-निळी आभाही ऑक्सिजनचीच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, ती ५००.७ नॅनोमीटरवर उमटते. अरुंद पट्ट्याची गाळणी लावून छायाचित्रकार जवळचा ऑक्सिजन बव्हंशी अडवतो आणि दूरचा आत घेतो. शिवाय ध्रुवीय प्रकाश नसतानाही तीच हिरवी रेषा पृथ्वीवरील प्रत्येक रात्री अंधुकपणे तेवत असते. निखळ काळोख असा कोठेच नाही.

१० व ११ मे २०२४ च्या रात्री प्रबळ सौरवादळामुळे लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांत क्षितिजालगत तांबडी प्रभा टिपली गेली, आणि देशभर तिचे अप्रूप झाले. तेव्हा विघ्न प्रकाशात नसून अपेक्षेत असते, असे म्हणून हात झटकता येतील. पण अपेक्षा गळून पडली की दीर्घिकाही दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना तो एक पुसट ठिपका असतो.

पुंडलिकाने निदान वीट तरी भिरकावली. ट्रॉम्सेचा उपासक दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवतो आणि मान वर करावी की घरात जावे, याचा निर्णय न होऊन थंडीत काही वेळ तसाच उभा राहतो.