पडद्यासमोरचं गाव

हवामानबदलावरचा माहितीपट संपला की सभागृहात बराच वेळ कुणी बोलत नाही. माणसं हळहळतात आणि घरी जातात. २००६ साली अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ'ने हा विषय जगभर नेला, त्याला ऑस्करही मिळालं. शेवटच्या श्रेयनामावलीत प्रेक्षकाला उपायही सांगितले होते: वीज जपून वापरा, झाडं लावा, लोकप्रतिनिधींना पत्र लिहा. सल्ले योग्यच होते. पण ते सुट्या सुट्या माणसांना दिलेले होते, आणि एवढ्या मोठ्या संकटापुढे एकटा माणूस फार लवकर थकतो.

'गॅसलँड' या माहितीपटाचं तसं झालं नाही. जॉश फॉक्स हा पेनसिल्व्हेनियातला तरुण नाट्यदिग्दर्शक. त्याच्या घरच्या जमिनीखालचा वायू काढू दिला तर सुमारे एक लाख डॉलर मिळतील, असं पत्र त्याच्याकडे आलं. जमिनीत खोलवर पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने सोडून खडक फोडायचा नि अडकलेला वायू मोकळा करायचा, असं ते तंत्र. त्याला फ्रॅकिंग म्हणतात. फॉक्स कॅमेरा घेऊन जिथे हे आधीच सुरू होतं त्या गावांत गेला. २०१० साली आलेल्या त्याच्या या माहितीपटात एक माणूस घरातला नळ सोडतो, धारेजवळ लायटर धरतो आणि भपकन जाळ उठतो. या दृश्यावर वाद झाला. चित्रपटात दिसणाऱ्या एका विहिरीतला मिथेन नैसर्गिक आहे, असं कोलोरॅडोच्या नियामकांचं म्हणणं होतं. गावात हा चित्रपट दाखवणाऱ्याने ही हरकत स्वतःहून आधी सांगावी. लोकांना अर्धी माहिती देऊन उभी केलेली चळवळ पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

या चित्रपटाचा परिणाम समाजशास्त्रज्ञांनी तपासला. २०१५ साली 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, मार्सेलस शेल या वायूधारी खडकाच्या पट्ट्यात झालेल्या स्थानिक खेळांमुळे फ्रॅकिंगविरोधी संघटनाला बळ मिळालं आणि त्यातून गावोगावी स्थगितीचे ठराव होण्यास मदत झाली. टीव्हीवर घरी बसूनही तो चित्रपट पाहता येत होता. पण गावातल्या खेळाला शेजारी शेजाऱ्याशेजारी बसतो, आणि कुणी जमीन भाड्याने दिली, कुणी नाकारली, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे गप्प राहणं अवघड जातं.

तरी नुसत्या संतापाने काही झालं नसतं. न्यूयॉर्क राज्यात हेलन स्लॉटजे या वकील महिलेने कायदा उकरून पाहिला. खाणकामाचे नियम राज्य ठरवतं, पण गावाची जमीन कशासाठी वापरायची हे गाव ठरवू शकतं, हा मुद्दा तिने गावांच्या हाती दिला. ड्रायडन नावाच्या गावाने २०११ साली बंदी घातली. वायू कंपनी कोर्टात गेली, आणि २०१४ च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. त्याच डिसेंबरमध्ये राज्य सरकारने सगळ्या न्यूयॉर्कमध्ये फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली.

म्हणून माहितीपट निवडताना मी आधी एवढंच बघेन, की यातला एखादा निर्णय समोर बसलेल्यांच्या हातात आहे का? हिमनद्या वितळण्यावर गावाचा ताबा नाही. भूजलावर आहे. महाराष्ट्रातल्या हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते, शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे मनाई आहे. लांबणाऱ्या उन्हाळ्याचा आणि लहरी पावसाचा चित्रपट बाकीच्या गावांत दाखवावा, पण तो १ मेच्या ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी. सरपंच, ग्रामसेवक आणि बोअर घेऊ पाहणारे शेतकरी, सगळ्यांना आवतण द्यावं. आणि दुसऱ्या दिवशीच्या विषयपत्रिकेत पाण्याच्या ताळेबंदाचा विषय आधीच घालून ठेवावा.