अकरा महिन्यांचं मांजर

आमच्या इमारतीतल्या मांजरीला चार नावं आहेत. सातव्या मजल्यावरच्या जोडप्यानं दोन महिन्यांची असताना आणली, तेव्हा ती पिक्सेल होती. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक तिला मनी म्हणतो. तळमजल्यावरची मुलं कॉफी म्हणतात. का, ते त्यांनाच ठाऊक. आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी नुसतं ‘ए बाय’ म्हणतात. चारही हाकांना ती सारखाच प्रतिसाद देते, म्हणजे कान किंचित वळवते आणि पुन्हा झोपते.

पिक्सेलची मनी कशी झाली, ते सगळ्यांनी पाहिलं. भाडेकरार संपला, नवी नोकरी हैदराबादला लागली, तिथल्या घरमालकाला प्राणी नको होते. पॅकर्सचा ट्रक आला आणि फ्रीज, सोफा, ट्रेडमिल, कुंड्यासुद्धा गेल्या. मांजर राहिलं. त्या जोडप्यातल्या पोरीला जाताना रडू आवरत नव्हतं, हेही सांगायला हवं. पुढे आठ-दहा दिवस मांजर सातव्या मजल्यावरच्या बंद दारापाशी ओरडत बसायचं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्यावम्याव करत नाहीत, तो आवाज मुख्यतः माणसासाठी राखलेला असतो. आत माणूस नव्हतं, एवढंच.

पाळीव आणि भटकं या मांजरांच्या दोन वेगळ्या जाती असल्यासारखं आपण बोलतो. हिंजवडीत राहून माझं मत बदललं आहे. इथे ते बहुतेकदा एकच मांजर असतं, करार संपण्याआधीचं आणि नंतरचं. अकरा महिन्यांच्या भाडेकराराची एक गंमत आहे. वर्षभराचा करार नोंदवावा लागतो म्हणून अकराचा आकडा निघाला. महाराष्ट्रात मात्र 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सही लेखी करून नोंदवावाच लागतो. तरी आकडा सुटत नाही, कारण सवयीला कायदा लागत नाही. या अकरा महिन्यांत मांजराच्या पोटी काय काय होऊ शकतं, याचा हिशोब एकदा करून पाहावा. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत विते. दोन महिन्यांचं पिल्लू आणलं, तर करार संपेपर्यंत ते आजी होण्याच्या बेतात असतं. व्यालेली मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, असं आमची आजी सांगायची. हिंजवडीतला सॉफ्टवेअरवाला पस्तिशीपर्यंत तेवढी घरं सहज बघतो.

कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, ही समजूत जुनी आहे. आणि ती आपल्या फार सोयीची आहे. ‘तिला इथलीच सवय आहे हो’ म्हटलं की ट्रकचं दार लावता येतं. पण सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. 2004 साली ते प्रसिद्ध झालं. माणसापासून हातभर अंतरावर मांजर पुरलेलं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीत घालून समुद्रापलीकडून आणली असणार. ज्या प्राण्याला माणसानं होडीत जागा दिली, त्याला आता पॅकर्सच्या यादीत जागा मिळत नाही.

होडीत जागा मिळाली ती बहुधा धान्यामुळे. धान्य साठलं की उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं. मुळशी तालुक्यातल्या गावांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. हिंजवडी, माण, मारुंजी ही शेतीची गावं. भात घरात आला की कणगीजवळ मांजर हवंच, त्याला कुणी ‘पाळलं’ म्हणत नसे. खाणं त्याचं ते मिळवी, वर वाडग्यातलं थोडं ताक-दूध. (मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही, हे आता डॉक्टर सांगतात. तेव्हा मांजरानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.) मांजर मेलं आपल्या हातून, तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही धास्ती वेगळी. मग नव्वदच्या दशकात एमआयडीसीनं जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला आणि शेतं फेज वन, टू, थ्री झाली. कणगी गेली. उंदीर कचऱ्याच्या खोलीत आणि डक्टमध्ये सुखात आहेत. मांजराची नोकरी मात्र गेली. त्याला आता ‘गोड दिसणं’ एवढंच काम उरलं, आणि त्या कामाची मुदत अकरा महिने.

सोन्याच्या मांजराच्या तुलनेत आपला कायदा फार स्वस्त आहे. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. इथल्या चौकात दोन कटिंग आणि वडापाव एवढ्यात येतो. दुसरीकडे, सोसायटीतल्या बेवारस प्राण्यांना खायला घालायची जागा ठरवून द्यायची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर आहे, असं 2023चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्यापासून दूर. आमच्या वार्षिक सभेत हा नियम वाचून दाखवला, तेव्हा पुढचा अर्धा तास कारच्या बॉनेटवर उमटलेल्या पावलांबद्दल चर्चा झाली. त्या लोकांचं सगळंच खोटं नव्हतं. चपलांच्या कपाटात बोक्यानं मुतलेलं धुवायला खायला घालणारे येत नाहीत. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तिच्या बाजूनं तर कुणीच बोललं नाही. पोटभर खाऊ घातलेलं मांजरही शिकार करतंच.

उपाय नसबंदी, हे दोन्ही बाजूंना मान्य. पण कुणी करायची? हिंजवडीत पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, घरपट्टी ग्रामपंचायतीची, कारखान्यांची जमीन एमआयडीसीची, विकासाचा आराखडा पीएमआरडीएकडे. मांजर या चारही हद्दी एका दुपारी ओलांडतं. शेवटी आम्ही सहा घरांनी वर्गणी काढली, खाऊ ठेवून पिंजरा लावला, आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकानं, ज्याचं स्वतःचं कंत्राटही एजन्सीकडे दर वर्षी नव्यानं होतं, मनीला रिक्षात मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. कानाचं टोक छाटून आली. शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण. दोन दिवस ती आमच्यापैकी कुणाशीच बोलली नाही. मग पावसाच्या रात्री कुणाच्या तरी गरम इंजिनात शिरून बसली. तेव्हापासून आमच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची पद्धत पडली आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, आम्ही गाडीला आशीर्वाद देतो.

गेल्या महिन्यात सातव्या मजल्यावर नवं कुटुंब आलं, नागपूरकडचं. मी लिफ्टची वाट बघत उभा होतो. खोके चढवायला दार उघडं ठेवलेलं. पाहतो तो बाईसाहेब खोक्यांच्या आधी आत, सरळ बाल्कनीत, जुन्या जागी. त्या घरातली मुलगी धावत बाहेर आली.

‘काका, ही मांजर तुमची आहे का?’

‘नाही गं,’ मी म्हटलं, ‘फ्लॅटसोबत येते.’