तुम्ही शिकवलंत तसं, की मला वाटतं तसं?

एक चेंडू सरळ वर फेका. तो हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. हवेचा अडथळा सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणती बलं काम करताहेत?

वर जातोय म्हणजे वर ढकलणारं काहीतरी असणारच, असं मन म्हणतं. हातानं दिलेला जोर, हळूहळू संपत जाणारा. न्यूटनचं उत्तर वेगळं आहे: हात सुटला, हाताचं बल संपलं. उरलं फक्त गुरुत्वाकर्षण. तेही खालच्या दिशेनं, चेंडू वर जात असतानासुद्धा.

अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी असे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न मुलांना विचारले. 1985 साली त्यांनी दाखवलं, की कॉलेजातला अख्खा कोर्स करूनही या समजुती फारशा हलत नाहीत. हार्वर्डचे एरिक मझूर यांना वाटलं, आपली मुलं काही अशी नाहीत. त्यांनी चाचणी वाटली. तेव्हा वर्गातून प्रश्न आला: उत्तरं कशी लिहायची? तुम्ही शिकवलंत तसं, की मला वाटतं तसं?

हा किस्सा सहसा शिक्षकाच्या फजितीचा म्हणून सांगतात. मला तो विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाचा वाटतो. बाकीच्यांनी हा प्रश्न मनातल्या मनात कधीच मिटवून टाकला असणार. मी तर बारावीत असतानाच मिटवला होता. पेपरात न्यूटन लिहायचा, डोक्यात आपलं आपलं ठेवायचं. मार्क चांगले पडले.

यात मी कुणाला फसवलं? पेपर तपासणाऱ्याला तर नाही, त्याला हवं तेच मिळालं. आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणं म्हणजे काही खोटेपणा नव्हे; पृथ्वी फिरते हे आपल्यातल्या किती जणांनी स्वतः तपासलंय? पण तिथे आपण ते निदान खरं मानतो. इथे मी जे लिहीत होतो ते मानतच नव्हतो, आणि मानतो की नाही हे मला कुणी विचारलंही नाही.

आता संध्याकाळी मी अकरावीच्या चार मुलांना शिकवतो. मागच्या महिन्यात त्यातला एक म्हणाला, "पण दादा, वरचा जोर नसेल तर चेंडू वर जाईल कसा?" पोर्शन मागे पडला होता. मी म्हणालो, "परीक्षेत एवढंच लिही, बाकी नंतर बघू." त्यानं मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. ती मान मला ओळखीची होती.

वाईट याचं वाटलं, की त्याची शंका फालतू नव्हतीच. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ बुरिदाँ जवळपास हेच म्हणत होता: फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो तिला पुढे नेतो. हे मागे सारायला माणसांना काही शतकं लागली. मी त्या पोराला अर्धा मिनिट दिला.

बरं, वेळ दिला तर मुलं खूश होतील असंही नाही. हार्वर्डमध्येच झालेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. मजकूर तोच, एका वर्गात अनुभवी प्राध्यापकाचं सफाईदार व्याख्यान, दुसऱ्यात मुलांनी गटात आधी स्वतः झगडायचं. झगडणारी मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. म्हणजे छान समजल्याचा आनंद देणारा शिक्षक कदाचित समजच हिरावून घेत असतो, आणि मुलं त्याचे आभार मानतात. मग मुलांच्या मनाविरुद्ध त्यांना झगडायला लावायचं? 'तुझ्या भल्यासाठी' या शब्दांची मला भीती वाटते. लहानपणी ते फार ऐकलेत. अभ्यासकांचा सल्ला मात्र मला पटतो: असं वाटेल, हे मुलांना सुरुवातीलाच सांगून टाका.

परवा मी त्या मुलाला सांगितलं, "आज डोकं चालणार नाही असं वाटेल, चालेल ना?" मग किल्ल्या वर फेकल्या. हात सुटल्यावर किल्ल्यांना नक्की कोण शिवतंय, यावर चौघं तासभर भांडले. पोर्शन तिथेच राहिला. निघताना तो म्हणाला, "दादा, न्यूटन काय म्हणतो ते कळलं. पण अजून मला वरचा जोर वाटतोच."

मी म्हटलं, "वहीत तसंच लिही."