केवटाची अट

नर्मदेवरच्या भेडाघाटची नाव माणसावाचून चालू शकेल का? चालेल. माझी सगळी नोकरी जबलपूरच्या व्हीकल फॅक्टरीत, मशीन शॉपमध्ये गेली. यंत्राला काय सोपे आणि काय जड, हे मला कळते. पंचवटी घाटावरून निघायचे, संगमरवरी कड्यांमधून बंदरकूदनीपर्यंत जायचे, वळून परत यायचे. वाट ठरलेली, धुवांधार धबधब्याच्या खालचे पाणी खोल आणि बरेचसे संथ, पावसाळ्यात काम बंदच. अशी कामे यंत्र आधी शिकते. उंच कड्यांमध्ये आभाळाची पट्टी चिंचोळी होते, तिथे उपग्रहाचा संकेत डळमळेल; पण त्यावरही उपाय आहेत. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत 2021 साली विजेवर चालणारी, लेसरने भोवताल मोजून स्वतःच वाट काढणारी नाव उतरली. ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी मिळून बनवली होती.

तेव्हा जमेल की नाही, हा वाद मी घालत नाही. मला छळणारा प्रश्न धर्माचा आहे. ज्या वस्तूवर दुसऱ्याचे पोट चालते, तिला हात लावायचा अधिकार सामर्थ्यवानाला कुठून मिळतो?

आमच्या ग्वारीघाटावरचे आणि भेडाघाटचे नावाडी स्वतःला केवट, निषाद म्हणवतात. बरेच जण बर्मन आडनाव लावतात. रामाला गंगापार नेणारा केवट त्यांचा पूर्वज. रामचरितमानसातला तो प्रसंग कीर्तनात भक्तीचा म्हणून रंगतो, आणि तो भक्तीचा आहेच. पण पाय धुण्यासाठी केवटाने पुढे केलेले कारण आपण हसण्यावारी नेतो. तो म्हणतो, तुमच्या पायधुळीने शिळेची बाई झाली, माझी नाव तर लाकडाची. तिचेही काही वेगळेच होऊन बसले तर माझी रोजी जाईल. याच नावेवर मी घर पोसतो, दुसरे काम मला येत नाही. लक्ष्मणाने बाण मारला तरी चालेल, पाय धुतल्याशिवाय नेणार नाही.

ही भीती रोजगाराची आहे. नवे सामर्थ्य किनाऱ्यावर येऊन उभे राहिले आहे, त्याचा स्पर्श झाला की वस्तू पूर्वीची राहत नाही, आणि गरीब माणूस विचारतो की माझे काय? राम त्यावर रागावत नाहीत, उपदेशही करत नाहीत. हसतात आणि अट मान्य करतात. पाय धुऊन होईपर्यंत थांबतात, मगच नावेत चढतात. पलीकडे पोचल्यावर द्यायला काही नाही म्हणून संकोचतातही; सीता अंगठी काढून देते आणि केवट ती घेत नाही. ईश्वरानेसुद्धा नावाड्याच्या संमतीवाचून त्याच्या फळीवर पाऊल ठेवले नाही, एवढी एक गोष्ट मला पोथीतल्या अनेक उपदेशांहून मोठी वाटते.

याचा अर्थ वल्हे पवित्र आणि इंजिन पाप, असा कुणी घेऊ नये. आपण मराठी माणसे नर्मदा परिक्रमेला मोठ्या श्रद्धेने निघतो. मैयाला ओलांडायचे नाही हा तिचा दंडक. पण नदी समुद्राला मिळते तिथे, रेवासागराशी, दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तरेच्या मिठीतलाईला नावेनेच जावे लागते. ती नाव इंजिनाची असते आणि त्याने कुणाचे व्रत मोडत नाही. ज्या नावाड्याबरोबर मी पाहुण्यांना नेहमी नेतो, त्याचा उजवा खांदा आता वर उचलला जात नाही. फळीवर बसून त्याच्या कष्टांना तपश्चर्या म्हणायचा हक्क मला नाही. ज्यांच्या अस्थी 1948 मध्ये इथल्या तिलवाराघाटावर विसर्जित झाल्या, त्या गांधीजींनीही 1924 साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानले होते. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते केले, त्यामागे प्रेम होते, असे त्यांचे म्हणणे. खांदा वाचवणारी मोटर याच जातीची. वाराणसीत डिझेलची इंजिने काढून सीएनजीची बसवली गेली, तेव्हा नाव नावाड्याचीच राहिली.

आपल्याकडे, मध्य प्रदेशात, 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नर्मदेत इंजिनाच्या नावा चालवायला मनाई केली. माईचे पाणी लोक पितात, ते योग्यच झाले. पण म्हणूनच पुढची नाव बॅटरीची असणार, आणि बॅटरीच्या नावेला स्वतः वळायला शिकवणे फारसे दूर नाही. त्याआधी नावाड्याची जीभ जाईल. भेडाघाटचे नावाडी यमके जुळवत कडे दाखवतात, सिनेमाच्या गोष्टी सांगतात, भित्र्या पाहुण्याची थट्टा करून त्याला सावरतात. ते सगळे कानातल्या यंत्रात भरणे तर आजही शक्य आहे.

भरता येत नाही ते वेगळेच. पत्नीच्या अस्थी घेऊन मी ग्वारीघाटावर गेलो, तेव्हा नावाड्याने मध्यावर वल्ही उचलून धरली आणि म्हणाला, “बाबूजी, यहाँ धार है, माई यहीं से लेती हैं।” मग तो माझ्याकडे पाठ करून बसला. किती वेळ थांबायचे हे त्याने मला विचारले नाही. पैसे देऊ लागलो तर नेहमीच्या फेरीचेच घेतले. यंत्र मला तिथे नेमके नेऊन थांबवेल, हे मी मान्य करतो. पण त्या दिवशी मला कुणाच्या तरी हवाली होण्याची गरज होती, आणि हवाली फक्त माणसाच्या होता येते.

भेडाघाट-लम्हेटाघाट 2021 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. योजना येतील, ठेकेदार येतील, चकचकीत नावा येतील. तेव्हा त्यांनी आधी किनाऱ्यावर थांबावे. मोटर बसवायची की नाही, बोलायचे कुणी, सुकाणू कुणाकडे, हे वल्हे मारणाऱ्याने ठरवावे. नवी नाव त्याच्या नावावर असावी, कमाई त्याच्या घरी जावी, आणि तो नको म्हणाला तर ते ऐकले जावे. जबलपुरात आपली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि आपल्यातले कितीतरी जण इंजिनिअर आहेत. उद्या असा आराखडा तुमच्या टेबलावर आला, तर सही करण्याआधी एकदा पंचवटी घाटावर जा आणि नावाड्यांची अट काय आहे ते विचारा.