कोरड्या रात्रींचा पुरावा

सात-आठ वर्षांचं मूल रोजच अंथरूण ओलं करत असेल, तर घरच्यांनी एक गोष्ट मनोमन मान्य केलेली असते: याला अजून जमत नाही. गादीवर रबरी शीट आलेली असते, डॉक्टरांकडे एखादी फेरी झालेली असते, आणि चिडचिड असली तरी तिची धार बोथट झालेली असते. अडचणीत सापडतं ते महिन्यातून दोन-तीनदाच भिजणारं मूल. आठ-दहा दिवस सगळं ठीक चालतं आणि मग एका सकाळी चादर ओली. अशा वेळी घरातल्या मोठ्यांच्या मनात एक अनुमान तयार होतं. ते इतकं सरळ वाटतं की कुणी तपासून पाहत नाही. इतक्या रात्री जमलं, तर कालच का जमलं नाही? म्हणजे हा आळस आहे, उठायचा कंटाळा आहे, दुर्लक्ष आहे. कोरड्या रात्री इथे मुलाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभ्या राहतात. माझं म्हणणं असं की हा पुरावा मुळातच खोटा आहे, आणि कधीतरी भिजणाऱ्या मुलाच्या वाट्याला येणारं बहुतेक दुःख ओल्या चादरीतून येत नाही, या अनुमानातून येतं.

रात्र कोरडी जायची तर शरीरात तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. झोपेत व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढावं लागतं, म्हणजे मूत्रपिंडं लघवी कमी आणि दाट तयार करतात. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूसच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं की अंथरूण ओलं करणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये ही रात्रीची वाढ पुरेशी होत नाही. दुसरी गोष्ट मूत्राशयाची धारणशक्ती. बालरोगतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब असा, की वयात एक मिळवून तिसाने गुणायचं. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे २४० मिलिलिटर होतं, म्हणजे जेमतेम एक मोठा पेला. आणि तिसरी गोष्ट, मूत्राशय भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचून जाग येणं. काही मुलांच्या बाबतीत हा निरोप पोचतच नाही. या तिन्हींपैकी एकही गोष्ट इच्छेच्या ताब्यात नाही, आणि तिन्ही हळूहळू, प्रत्येक मुलाच्या आपापल्या गतीनं पक्व होतात. आता जे मूल या प्रवासात बरंच पुढे आलेलं आहे, पण पूर्ण पोचलेलं नाही, त्याचा विचार करा. बहुतेक रात्री तयार होणारी लघवी मूत्राशयात मावते, किंवा जाग येते. एखाद्या रात्री मात्र ती थोडी जास्त होते: लग्नाचं जेवण उशिरा झालं, फरसाण खाऊन दोन पेले पाणी पोटात गेलं, दिवसभर खेळून झोप नेहमीपेक्षा गाढ लागली, चार दिवस पोट साफ नाही. अशा रात्री मर्यादा ओलांडली जाते. सीमेवर उभ्या असलेल्या मुलाचा तोल कधी इकडे, कधी तिकडे जाणारच. म्हणून अधूनमधून भिजणं ही शरीर जवळजवळ तयार झाल्याची खूण आहे, आणि आपण नेमकी तीच बेपर्वाईची खूण म्हणून वाचतो.

हे मूल एकटंही नाही. सातव्या वर्षी साधारण दहातल्या एका मुलाला हा त्रास असतो, दहाव्या वर्षी विसातल्या एकाला, आणि मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. ज्यांना आहे त्यांच्यातली सुमारे १५ टक्के मुलं दरवर्षी काहीही उपचार न करता कोरडी होतात. आनुवंशिकतेचा वाटा तर ठळक आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर जाते, दोघांना असेल तर तीन-चतुर्थांशाच्या आसपास. तरीही आपल्या घरांत ही माहिती मुलापर्यंत जवळजवळ कधीच पोचत नाही. बाबांना किंवा मामाला नवव्या वर्षापर्यंत हा त्रास होता हे आजीला पक्कं आठवत असतं, पण ती ते बोलत नाही, कारण मोठ्या माणसाची अब्रू राखायची असते. ती अब्रू राखताना मुलाचं केवढं ओझं हलकं करण्याची संधी आपण दवडतो!

यावर अनुभवी माणसांचा एक आक्षेप असतो आणि तो गांभीर्यानं घ्यायला हवा. ते म्हणतात, तुमचं शास्त्र काहीही सांगो, आम्ही एकदा चांगलं खडसावलं आणि त्यानंतर पंधरा दिवस अंथरूण कोरडं होतं. हे ते खोटं सांगत नाहीत. पण हिशेब मांडून पाहू. समजा, एखादं मूल महिन्यातून तीन रात्री भिजतं. म्हणजे सत्तावीस रात्री कोरड्या. ओल्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही रागवा, नवस बोला, तिळाचा लाडू द्या किंवा काहीच करू नका. पुढची रात्र कोरडी असण्याची शक्यता दहात नऊ आहेच. जो उपाय वाईट रात्रीनंतर केला जातो, तो काम करताना दिसतोच दिसतो. त्यात मूल दर महिन्याला मोठं होत असतं, त्यामुळे वर्षभरानं मागे वळून पाहिलं की श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. तिळाच्या लाडवाला ते मिळालं तर काही बिघडत नाही. धपाट्याला मिळालं, तर तो धपाटा पुढच्या भावंडाच्या वाट्याला येतो.

जॉर्ज ऑर्वेलनं याबद्दल जे लिहून ठेवलं आहे ते मला या विषयावरची सर्वांत प्रामाणिक साक्ष वाटते. बिहारमधल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मलेला हा लेखक आठव्या वर्षी इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नच्या सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत गेला. घरी कधीच सुटलेला हा त्रास तिथे दोन-एक आठवड्यांत पुन्हा सुरू झाला. त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापल्या गेलेल्या दीर्घ निबंधात तो सांगतो की मुख्याध्यापकांनी त्याला घोड्याच्या चाबकानं मारलं, आणि पुढे तो त्रास खरोखरच थांबला. तेव्हा हा रानटी उपाय कदाचित चालतही असेल, पण त्याची किंमत जबर असते. ही किंमत त्यानं नेमकी सांगितली आहे. माराच्या दुखण्यापेक्षा खोल गेली ती एक समजूत: पाप आपल्या नकळत, इच्छेविरुद्ध, टाळता न येताही घडू शकतं, आणि तरीही ते आपलंच असतं. झोपेत झालेल्या गोष्टीसाठी जागेपणी दोषी ठरवलेलं मूल याहून वेगळं काय शिकेल? चुकीचा आणि शिक्षेचा संबंध मुलाच्या मनात जुळायला हवा असेल, तर चूक त्याच्या हातात असायला हवी. नाहीतर शिकवण एवढीच उरते की मोठी माणसं कधीही रागावू शकतात.

मग बक्षीस द्यावं का? शिकलेल्या घरांत हल्ली छडी गेली आणि तक्ता आला. भिंतीवर महिन्याचं कॅलेंडर, कोरड्या रात्रीला चांदणी, दहा चांदण्या झाल्या की सायकल. हेतू चांगला आहे, पण तर्क तोच आहे. जे हातात नाही त्यासाठी बक्षीस देणं म्हणजे ज्या रात्री ते मिळत नाही त्या रात्री शिक्षा देणं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१० साली दिलेल्या मार्गदर्शनात हा फरक स्पष्ट केला आहे: शाबासकी कोरड्या अंथरुणासाठी नसावी, ठरलेल्या गोष्टी केल्याबद्दल असावी. दिवसभर वेळेवर पाणी पिणं, झोपण्याआधी लघवीला जाणं, सकाळी चादर काढायला हात लावणं. ‘काहीच बोलायचं नाही म्हणजे मूल शेफारेल’ या भीतीचं उत्तरही इथेच आहे. जबाबदारी काढून घ्यायची नाही, ती जागेपणीच्या कामांवर ठेवायची. आठ वर्षांचा मुलगा आपली चादर बादलीत नेऊन टाकू शकतो. फक्त ते घरातलं नेहमीचं काम असावं, सगळ्यांसमोरची वरात नसावी.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य आणि सहानुभूतीचा आहे: त्याच्या मनात काहीतरी सलत असणार. फ्रॉइडच्या परंपरेत अंथरूण ओलं होण्यामागे दडपलेल्या इच्छा शोधल्या गेल्या, आणि त्या विचाराचा अंश अजून आपल्या बोलण्यात आहे. निदान सहा महिने पूर्ण कोरडं राहिलेलं मूल अचानक भिजू लागलं तर ही शंका घ्यावीच. धाकटं भावंड, शाळाबदल, घरातलं भांडण किंवा मृत्यू यांचा संबंध असू शकतो, ऑर्वेलच्या बाबतीत तो होताच. पण जे मूल पहिल्यापासून अधूनमधून भिजत आलं आहे, त्याच्या बाबतीत बहुधा गाडी उलटी असते. त्याची उदासी, मामाच्या घरी राहायला जायची टाळाटाळ, मित्राकडे झोपायला नकार हे सगळं भिजण्यातून येतं. १९३८ साली मावरर पती-पत्नींनी अमेरिकेत ओल लागताच घंटा वाजवणारी चादर वापरली, तेव्हाची एक भीती अशी होती की हे लक्षण दाबलं तर दुसरं कुठेतरी फुटून बाहेर येईल. तसं झालं नाही. कोरडी झालेली मुलं अधिक आनंदी दिसली.

घंटेचा हा उपचार वारंवार भिजणाऱ्या मुलांना चांगला लागू पडतो, पण आठवड्यातून एकदाही न भिजणाऱ्या मुलासाठी तो फारसा उपयोगाचा नाही, कारण शिकायला पुरेशा संधीच मिळत नाहीत. अशा मुलासाठी करण्यासारखं बरंचसं दिवसा आहे. आपल्याकडे तर त्याचं मूळ पुष्कळदा शाळेत असतं. शाळेतलं स्वच्छतागृह अस्वच्छ, दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, तासाच्या मध्ये जायला परवानगी नाही. मग मुलं, विशेषतः मुली, जायचं टाळण्यासाठी पाणीच पीत नाहीत. भरून नेलेली बाटली तशीच परत येते आणि दिवसभराची तहान संध्याकाळी सहानंतर भागवली जाते. त्याच कारणानं शौचालाही टाळलं जातं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि त्याची जागा कमी करतं. चौथीतल्या मुलानं दिवसभरात एक ते दीड लिटर पाणी प्यावं आणि त्यातलं बरंचसं दुपारपर्यंत, असं आपण म्हणतो, पण ते घडायचं तर शाळेचा संडास वापरण्याजोगा हवा. पालक रात्रीचं पाणी तोडतात आणि शाळेला एक शब्द विचारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मूल अकराला झोपेतून उचलून मोरीत नेण्यानं चादर वाचते, म्हणून थकलेल्या आईनं ते केलं तर गैर नाही. त्यानं मूल लवकर शिकतं असं मात्र नाही.

डॉक्टरांकडे विनाविलंब न्यावं अशी काही लक्षणं आहेत: खूप तहान लागणं आणि वजन घटणं, कारण तो लहान मुलांमधला मधुमेह असू शकतो, लघवीला जळजळ किंवा ताप, दिवसाही कपडे ओले होणं, रोज मोठ्यानं घोरणं, जुना बद्धकोष्ठ. शाळेच्या निवासी सहलीसाठी तात्पुरती गोळीही मिळते, पण ती घेतल्यावर रात्री पाणी अगदी मोजकं प्यायचं असतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक रीतीनं उतरतं. म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आणि ज्यांच्या चादरीचा निर्णय आई घेत नाही, त्या मुलांचं काय? नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या आश्रमशाळांमध्ये पहिलीपासून मुलं घर सोडून राहतात. परक्या जागी, परक्या अंधारात झोपणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचं अंथरूण कधीतरी ओलं होणं हे अपेक्षितच धरायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि रांगेत उभं करून ओली चादर दाखवायला लावणं हा छळच आहे. पण नुसत्या मनाईनं अधीक्षिकेचं काम होत नाही. तिच्याकडे जादा चादरी हव्यात, पावसाळ्यात गाद्या वाळवायला जागा हवी, झोपायच्या खोलीपासून स्वच्छतागृहापर्यंत रात्रभर दिवा हवा, आणि पन्नास-साठ मुलांमागे ती एकटी नको. वसतिगृहाच्या तपासणीत धान्याचा साठा मोजला जातो तसा हा दिवा लागतो का, हेही रात्री जाऊन पाहिलं जावं.