मिटवणारं मूल

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. हातमागाच्या घरात काम एकट्याचं नसतं. एक जण मागावर बसतो तेव्हा दुसरं कुणी कांड्या भरत असतं, आणि पुष्कळदा हे दोघे नवरा-बायको असतात. त्यांच्यात अबोला धरला गेला तरी कांडी मागावर पोचवावीच लागते. अशा वेळी मधे पोर येतं. ‘बाबांना सांग’, ‘आईला विचार’ असे निरोप तेच नेतं-आणतं. विणकराचं घर असो की मास्तरांचं, हे पोर सगळीकडे असतं.

मुलांच्या चित्रमालिकांनी त्याच्याकडे क्वचितच पाहिलं. ‘लोटपोट’ मासिकातून आलेली आणि 2012पासून दूरचित्रवाणीवर गाजलेली ‘मोटू पतलू’ मुंबईच्या स्टुडिओत, सुहास कदव यांच्या दिग्दर्शनाखाली घडली. त्यात जोडीदारांची भांडणं भरपूर. पण गुंड जॉन आणि त्याची माणसं काहीतरी उपद्व्याप करतात, दोघांना एकत्र धावावं लागतं आणि रुसवा विरून जातो. कोण दुखावलं होतं, हे पुढच्या भागात कुणाला आठवायचं कारण उरत नाही. हसवणुकीला ते पुरतं. मुलाला मात्र त्यातून असंच वाटत राहतं, की बाहेरून संकट आलं की घरातलं आपोआप मिटतं.

रिबेका शुगर यांच्या ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ या अमेरिकी मालिकेनं जुलै 2015मध्ये वेगळी वाट धरली. गार्नेट ही तिथली खंबीर नायिका. रुबी आणि सफायर या दोघी प्रेमानं एकरूप होऊन ती झाली आहे. तिची सहकारी पर्ल तिला फसवते. शत्रूचा मनोरा पाडायला दोघींना एकरूप व्हावं लागतं; गार्नेटशी पुन्हा एकरूप होता यावं म्हणून पर्ल तो स्वतःच गुपचूप पुन्हा उभारते. हे उघड झाल्यावर पर्ल माफी मागत राहते आणि गार्नेट ती ऐकून घेत नाही. एका आठवड्यात दाखवलेल्या पाच भागांपैकी शेवटच्या भागात दिलजमाई होते. मला हा उशीर फार मोलाचा वाटतो. माफी मागितली म्हणजे ती लगेच मिळालीच पाहिजे, असा हट्ट इथे दुखावलेल्या बाईपुढे कुणी धरत नाही.

त्यातला दुसरा भाग सर्वांत धीट आहे. मालिकेतल्या कीस्टोन या काल्पनिक राज्यातल्या एका मोटेलात गार्नेटच दुभंगते. रुबी संतापानं इतकी तापते की पोहण्याच्या तलावाचं पाणी आटतं. सफायरला भविष्य दिसतं. शेवटी पर्लला माफ करायचंच आहे, मग आत्ता रागवायचं कशाला, असं तिचं म्हणणं. ती शांत बसते आणि खोली गोठत जाते. आपल्याकडच्या समजूतदार वडीलधाऱ्यांची चूक नेमकी हीच: ‘होईल सगळं नीट’ हे खरं असतं, पण आज जे दुखतंय त्याला ते उत्तर नसतं. सकाळी न्याहारीच्या टेबलावरही दोघी थांबत नाहीत, तेव्हा त्यांच्यासोबत आलेला मुलगा, मालिकेचा नायक स्टीव्हन, कोलमडतो. घरातलं भांडण इथवर आपल्यासोबत आलं, म्हणजे त्याचं मूळ आपणच असू, असं त्याला वाटतं. त्याच्याकडे पाहून दोघी भानावर येतात. सफायर रागाला जागा न दिल्याचं कबूल करते, आणि त्या पुन्हा एक होतात.

इथे माझा आक्षेप आहे. मोठ्यांना भानावर आणायला पोराचं रडणं लागावं, हा तोडगा पडद्यावर गोड दिसतो, घरात तो पोराच्या अंगावर पडतो. एकदा आपल्या रडण्यानं भांडण थांबलं की पुढचं प्रत्येक भांडण थांबवणं त्याला आपलंच काम वाटू लागतं.

मालिकेला याची जाणीव होती, हे 2019-20च्या ‘स्टीव्हन युनिव्हर्स फ्यूचर’मधून कळतं. सोळा वर्षांचा स्टीव्हन, सगळ्यांचे तंटे सोडवून झाल्यावर, स्वतःच बिघडत जातो. मैत्रीण कॉनीची आई, डॉ. महेश्वरन, त्याला तपासते. क्ष-किरण चित्रात जुनी, भरून आलेली कितीतरी हाडमोडी दिसते. लहानपणापासूनच्या आघातांचा ताण शरीर अजून वाहतंय, असं ती सांगते. मुलानं घडवलेल्या समेटांचा हिशेब एखाद्या चित्रमालिकेनं इतक्या उघडपणे मांडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मुंबईच्या स्टुडिओंत हे करायला कसब कमी नाही. तिथल्या लेखकांनी असा एक भाग लिहावा, ज्यात दोन मोठी माणसं भांडतील, एकमेकांशी सरळ बोलून मिटवतील, आणि मधल्या पोराला कुणी निरोप घेऊन पाठवणार नाही.